१३४ वरून १०७ : शवासनावरचा एक निबंध आपण कसा वाचला

मागच्या वेळी आम्ही मिठावर बोललो, आणि तर्रीपोह्यांबद्दल जे बोललो त्याचा राग काही जणांच्या मनात अजून आहे, हे दारातच कळलं. आज कोणाच्या नाश्त्याला हात लावणार नाही. आज एका निबंधाबद्दल बोलू. चार डॉक्टरांनी लिहिलेला, १९६९ साली छापलेला, जेमतेम काही पानांचा निबंध. त्याचं नाव आपल्यापैकी फार थोड्यांनी ऐकलं असेल, पण त्यातला एक आकडा नागपुरातल्या निदान निम्म्या सकाळच्या योगवर्गांत आम्ही स्वतः ऐकला आहे. रक्तदाब १३४ वरून १०७ वर आला, तोही नुसत्या शवासनाने.

सुरुवातीला एक सांगून टाकतो. आम्ही डॉक्टर नाही. शरीरक्रियाशास्त्र शिकवण्यात हयात गेली, त्यामुळे निबंध वाचायची सवय आहे, एवढंच. आणि या विषयात आम्ही तटस्थही नाही. त्याचं कारण आमच्या घरातलं आहे.

आमचे मोठे काका शिक्षक होते. निवृत्तीनंतर रक्तदाबाची गोळी सुरू झाली, रोज एक. पुढे घराजवळच्या मैदानावर एकवीस दिवसांचं शिबिर लागलं. काका नेमाने गेले. शेवटच्या दिवशी एक पत्रक मिळालं, त्यात हा १३४ आणि १०७ चा आकडा होता, आणि खाली ठळक अक्षरांत रक्तदाबापासून मुक्ती असं काहीसं छापलेलं होतं. आम्ही भेटायला गेलो तेव्हा काका अंगणात खुर्ची टाकून बसलेले. म्हणाले, "अरे बाबू, एकदम हलकं वाटून राहिलं आता. झोप लागते. गोळी कशाला खायची मग?" काकूंनी आमच्याकडे पाहिलं. आम्ही काही बोललो नाही. काका खरंच छान दिसत होते. शिबिर एप्रिलमध्ये संपलं होतं. डिसेंबरात एका पहाटे त्यांचा उजवा हात चालेना.

तो हात पुढे बराच सुधारला, काका आज आहेत, पण सही डाव्या हाताने करतात. शवासनाने त्यांना काही केलं नाही. केलं ते त्या पत्रकाने, आणि काही अंशी आमच्या गप्प बसण्याने. म्हणून आम्ही तो मूळ निबंध मिळवून वाचला.

निबंधाचे पहिले लेखक डॉ. के. के. दाते, मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातले नामवंत हृदयरोगतज्ज्ञ. सोबत देशमुख, दळवी आणि लोणावळ्याच्या कैवल्यधामचे विनेकर. हे चौथं नाव महत्त्वाचं आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम काढलं आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केलं. आसनं आणि प्राणायाम यंत्रांनी मोजून पाहायचे, हा त्यांचा ध्यास. म्हणजे दात्यांच्या निबंधात दोन परंपरा एका टेबलाशी बसल्या होत्या. एकीकडे के. ई. एम. चा बाह्यरुग्ण विभाग, दुसरीकडे लोणावळ्याची प्रयोगशाळा. निबंध 'अँजिऑलॉजी' या परदेशी नियतकालिकात आला. आपल्या मातीतलं काम जगाने वाचलं, याचा अभिमान वाटतो आणि वाटावाच.

आता निबंधात शिरू. एकूण ४७ रुग्ण. तीन गट. पहिल्या गटात १० जण, रक्तदाबाचं औषध न घेणारे. दुसऱ्या गटात २२, ज्यांचा दाब गोळ्यांनी ताब्यात होता. तिसऱ्या गटात १५, जे गोळ्या घेत होते पण दाब पुरेसा उतरत नव्हता. सगळ्यांना शवासन शिकवलं, रोज अर्धा तास. शवासन म्हणजे नुसतं आडवं पडणं नव्हे. पोटाने घेतलेला संथ, तालबद्ध श्वास. श्वास घेतल्यावर छोटा विराम, सोडल्यावर जरा मोठा. आणि मग लक्ष नाकपुड्यांवर, आत जाणाऱ्या हवेचा गारवा आणि बाहेर येणाऱ्या हवेची ऊब. बहुतेकांना हे जमायला तीनेक आठवडे लागले.

१३४ आणि १०७ हे आकडे पहिल्या गटाचे आहेत. दहा माणसांचे. आणि इथेच सगळ्यात मोठी चूक झाली आहे. हा आकडा वरच्या दाबाचा नाही! निबंधात तो सरासरी दाब म्हणून दिला आहे. धमनीतला सरासरी दाब काढायची ढोबळ रीत अशी : खालचा आकडा घ्या आणि त्यात वरच्या-खालच्या फरकाचा एक तृतीयांश मिळवा. समजा दाब १८० आणि ११० आहे. फरक ७०, त्याचा तिसरा हिस्सा २३, बेरीज १३३. म्हणजे निबंधातला १३४ हा साधारण १८०/११० च्या घरातला दाब. आणि १४०/९० असेल तर? फरक ५०, तिसरा हिस्सा १७, बेरीज १०७.

कळलं का काय झालं ते? काकांनी पत्रक वाचलं तेव्हा त्यांना वाटलं, १३४ म्हणजे आपल्यासारखाच थोडा वाढलेला वरचा दाब, आणि तो शवासनाने १०७ झाला, अगदी तरुण पोरासारखा. मूळ निबंध सांगतो की बराच जास्त असलेला दाब उतरला तो, आमच्या उदाहरणाच्या हिशेबाने, जिथून आजही उच्च रक्तदाब धरतात साधारण त्या रेषेपर्यंत. उतार मोठा आहे, प्रश्नच नाही. पण त्या रेषेवरच्या माणसाला कोणताही डॉक्टर 'आता सुट्टी' म्हणणार नाही.

बाकीच्या ३७ जणांचं काय झालं, ते पत्रकात नव्हतंच. दुसऱ्या गटातल्या २२ पैकी १३ जणांची गोळ्यांची गरज कमी होऊन सरासरी मूळ प्रमाणाच्या ३२ टक्क्यांवर आली. तिसऱ्या गटात १५ पैकी ६ जणांची २९ टक्क्यांवर. म्हणजे गोळ्या घेणाऱ्या ३७ पैकी १९ जणांना फायदा झाला आणि १८ जणांच्या गोळ्या होत्या तशाच राहिल्या. जवळजवळ निम्मे. आणि ज्यांना फायदा झाला त्यांचाही सरासरी एक तृतीयांशाच्या आसपास डोस शिल्लक होता. शिवाय तो कमी कोणी केला? डॉक्टरांनी, दाब मोजत मोजत. रुग्णाने अंगणात बसून नाही.

आणखी एक गोष्ट त्या काळाची आहे. १९६० च्या दशकातली रक्तदाबाची औषधं आजच्यासारखी सोसणारी नव्हती. कोणाला ग्लानी, कोणाला उभं राहताच चक्कर, कोणाचं मन खचलेलं. तेव्हा डोस दोन तृतीयांश कमी होणं म्हणजे माणसाला त्याचा दिवस परत मिळणं. आज बहुतेकांना रोज एखाददुसरी अॅम्लोडिपिन किंवा टेल्मिसार्टन चालते, पाय सुजणं वगैरे तक्रारी असतात, पण तो छळ नाही. जुन्या निबंधातला 'गोळ्या कमी झाल्या' हा आनंद आपण जसाच्या तसा आजच्या गोळीवर चिकटवतो, ते बरोबर नाही.

शीर्षकही पाहा. दात्यांनी शवासनाला उच्च रक्तदाबाच्या 'मॅनेजमेंट'मधला एक योगिक व्यायाम म्हटलं. व्यवस्थापन, सांभाळणं. मराठी पत्रकात त्याची 'मुक्ती' झाली. ज्याने हे भाषांतर केलं त्याला मुक्ती हा शब्द योगाशी जवळचा वाटला असेल. योगात आहेही. रक्तदाबात नाही.

आता टीका मूळ निबंधावरही करायला हवी, नाहीतर आम्ही फक्त पत्रकवाल्यांवर राग काढला असं होईल. या निबंधात शवासन न करणारा, पण बाकी सगळं तसंच असलेला तुलनेचा गट नाही. त्याने काय बिघडतं? माणूस अशा अभ्यासात येतो कधी? दाब जास्त सापडतो तेव्हा. आणि दाब हा दिवसागणिक वरखाली होतच असतो. ज्या दिवशी तो फार वर होता त्या दिवशी तुम्ही माणसाला पकडलं, तर पुढच्या खेपेला तो काही न करताही थोडा खाली दिसणारच. शिवाय दवाखान्याची भीती सरते, ओळख होते, डॉक्टर प्रेमाने विचारपूस करतात. हे सगळं शवासनाच्या खात्यात जमा होतं.

हे नुसतं आमचं डोकं नाही. लंडनच्या दक्षिणेला क्रॉयडनमध्ये डॉ. चंद्रा पटेल नावाच्या भारतीय वंशाच्या बाई सामान्य डॉक्टर म्हणून काम करत. १९७३ आणि १९७५ मध्ये त्यांनी 'लॅन्सेट'मध्ये याच विषयावर निबंध छापले. १९७५ च्या अभ्यासात ३४ रुग्ण होते आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन भाग केले होते. एका भागाला शिथिलीकरण, श्वास आणि यंत्राच्या संकेतांवरून ताण ओळखणं शिकवलं. दुसऱ्या भागाला तेवढ्याच वेळा बोलावलं, आराम करायला सांगितलं, पण तंत्र शिकवलं नाही. शिकलेल्यांचा दाब १६८/१०० वरून १४१/८४ झाला. न शिकलेल्यांचा १६९/१०१ वरून १६०/९६. म्हणजे तंत्राला खरंच काही अर्थ आहे, हे दिसलं. आणि नुसतं येऊन पडून राहण्याने नऊ अंक उतरतात, हेही दिसलं! दात्यांच्या निबंधात हे नऊ अंक वेगळे काढायची सोय नाही.

नागपुरात त्यात आणखी एक भर पडते, ती उन्हाची. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, दाब चढतो. उन्हाळ्यात त्या सैलावतात, घाम जातो, दाब उतरतो. जगभर हे दिसतं, आणि आपल्याकडे जानेवारीच्या पहाटेत आणि मेमधल्या ४५ अंशांत जेवढं अंतर आहे तेवढं थोड्याच शहरांत असेल. आता शिबिरं कधी लागतात? परीक्षांच्या आसपास, फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरू, एप्रिल-मेमध्ये समारोप. पहिल्या दिवशी दाब मोजला, शेवटच्या दिवशी मोजला, उतरला. अहो, तो अंबाझरीच्या बाकावर नुसते शेंगदाणे खात बसलेल्यांचाही उतरला असता. काकांची गोळी उन्हाळ्यात सुटली आणि थंडीत त्याची किंमत वसूल झाली. एकाच माणसावरून नियम काढू नये, हे आम्ही तीस वर्षं विद्यार्थ्यांना शिकवलं. तरी हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मोजण्याच्या पद्धतीबद्दलही बोलू. शिबिरात पहिलं माप कसं घेतात? माणूस स्कूटर लावून, धापा टाकत, रांगेत गप्पा मारत, तोंडात खर्रा, अशा अवस्थेत. दुसरं माप अर्ध्या तासाच्या शवासनानंतर. मग सगळ्यांना फरक दाखवतात आणि टाळ्या होतात. ते दुसरं माप खोटं नसतं. पण ते त्या पंधरा मिनिटांचं माप आहे, तुमच्या दुपारचं आणि पहाटेचं नाही. दाब मोजायचा खरा नियम असा : मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, व्यायाम नको, लघवीला जाऊन यायचं, पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं शांत बसायचं, दंड हृदयाच्या उंचीला, बोलायचं नाही. म्हणजे गंमत पाहा, खरं माप घ्यायचं तर छोटंसं शिथिलीकरण आधीच करावं लागतं. ते पहिल्या मापाआधी केलं असतं तर टाळ्या बऱ्याच कमी झाल्या असत्या.

मग श्वासात काही नाहीच का? आहे, आणि ते आम्हाला अतिशय सुंदर वाटतं. मानेतल्या मोठ्या धमनीत आणि हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीत दाब जाणणारे मज्जातंतू असतात. दाब वाढला की ते मेंदूला कळवतात, मेंदू हृदयाला सावकाश चल म्हणतो आणि वाहिन्या सैल करतो. उच्च रक्तदाबात ही जाणीव बोथट होते. एरवी आपण मिनिटाला बारा ते अठरा श्वास घेतो. ते सहाच्या आसपास आणले तर ही जाणीव त्या वेळेपुरती तीक्ष्ण होते. इटलीतल्या बर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली २३ निरोगी माणसांवर पाहिलं की ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना आणि आपला मंत्रजप, दोन्हींत श्वास आपोआप मिनिटाला सहापर्यंत येतो. आपल्या आज्या जप करत होत्या तेव्हा त्यांना कोणी मिनिटं मोजायला सांगितलं नव्हतं.

पण त्या वेळेपुरतं तीक्ष्ण होणं आणि वर्षभर दाब कमी राहणं यांत अंतर आहे. २००८ साली कोक्रेन या संस्थेच्या आढाव्यात शिथिलीकरणाचे २५ प्रयोग एकत्र तपासले गेले. सरासरी वरचा दाब ५.५ ने आणि खालचा ३.५ ने कमी. मात्र ज्या १५ प्रयोगांत समोरच्या गटाला काहीतरी लुटुपुटीचं शिथिलीकरण दिलं होतं, तिथे वरच्या दाबातला फरक ३.५ वर आला, खालच्यातला ०.६ वर, आणि तो योगायोगाचाही असू शकेल असा निघाला. म्हणजे १९६९ च्या त्या मोठ्या उताराचं पुढे एवढं उरलं.

एवढं म्हणजे किती, ते सांगतो. औषधांच्या ४८ प्रयोगांतल्या जवळजवळ साडेतीन लाख माणसांची माहिती एकत्र करून २०२१ मध्ये असं दिसलं की वरचा दाब ५ अंकांनी कमी केला तर हृदयविकार, पक्षाघात यांसारखे मोठे आघात साधारण १० टक्क्यांनी कमी होतात. तेव्हा श्वासाने तीन-चार अंक खरोखर आणि कायमचे उतरत असतील, तर ते तुच्छ नाहीत. ते गोळीच्या वर हवेत. गोळीच्या जागी नकोत.

आता डॉक्टर मंडळींचं. काका गोळी बंद करण्याआधी एका दवाखान्यात गेले होते आणि त्यांनी तिथे विचारलं होतं, की मी शवासन करतो, डोस कमी करून पाहू का? उत्तर आलं, "ते योगबिग ठीक आहे हो, गोळी घ्या." एवढंच. मोजून पाहू, महिन्याने या, वही ठेवा, काही नाही. ज्या माणसाला दवाखान्यात कोणी ऐकून घेतलं नाही, त्याला मैदानावर कोणीतरी ऐकून घेतलं. दात्यांनी ज्या गोष्टीला रुग्णालयात जागा दिली, तिला आपण पुन्हा मैदानावर हाकलली. अमेरिकन हृदय संघटनेचं २०१३ चं एक निवेदन आम्हाला याच कारणाने खटकतं. त्यात यंत्राच्या आवाजावर श्वास संथ करण्याला वाजवी म्हणून शिफारस मिळाली, योगाला मिळाली नाही. कारण रास्त आहे : यंत्र सगळीकडे सारखंच वाजतं, त्याचे प्रयोग ठरावीक पद्धतीने झाले, योगशिक्षक मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळा. पण दुसरं कारणही आहे. यंत्र विकता येतं.

इथे सर्पगंधा आठवते. त्याच के. ई. एम. मध्ये डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ५० रुग्णांवर सर्पगंधेचं काम केलं आणि ते १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीत त्या मुळीतून रेसर्पीन वेगळं काढलं गेलं, जगभर विकलं गेलं, त्यामुळे जगभर मोजलंही गेलं. डोस ठरला, मन खचवण्याचा दोष कळला, वापर कमी झाला. शवासनाची गोळी होत नाही म्हणून त्याच्यामागे तसा पैसा उभा राहिला नाही, आणि त्याचे दोष-गुण पत्रकांच्या हाती राहिले.

दोष म्हणजे काय, तेही ऐका. दाब जास्त असलेल्यांनी श्वास फार वेळ कोंडणं, जोरजोरात भस्त्रिका-कपालभाती करणं, डोकं खाली पाय वर असली आसनं करणं टाळावं. जाणते योगशिक्षक हे आधी विचारतात. जनार्दनस्वामींच्या परंपरेने या शहरात पिढ्यान्पिढ्या पैसे न घेता योग शिकवला, रामनगरातलं मंडळ आजही शिकवतं. आमची तक्रार तसल्या संथ, रोजच्या शिकवण्याबद्दल नाही. ती एकवीस दिवसांच्या हमीबद्दल आहे.

शेजारच्या भंडारा आणि वर्धा जिल्ह्यांचं एक उदाहरण देतो आणि थांबतो. २०१७ च्या अखेरीस देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा जो उपक्रम सुरू झाला, त्यात महाराष्ट्रातले पहिले चार जिल्हे होते भंडारा, वर्धा, सातारा, सिंधुदुर्ग. साधी रीत. ठरलेली औषधं, ठरलेला क्रम, प्रत्येकाचं कार्ड, प्राथमिक आरोग्य केंद्रात गोळ्या फुकट, आणि जो आला नाही त्याला शोधून आणायचं. यात दिपवणारं काही नाही. पण त्या केंद्रांबाहेर एक बाक असतो. नंबर येईपर्यंत लोक तिथे बसून राहतात, गप्पा, तंबाखू, चिडचिड. आमचं म्हणणं, दात्यांचं शवासन या बाकावर आणा. आडवं व्हायला जागा नसेल तर बसून. परिचारिकेने दहा मिनिटं संथ श्वास शिकवावा, त्यानंतर दाब मोजावा, कार्डावर लिहावा. घरी करणाऱ्याच्या कार्डावर खूण करावी. वर्षाने कार्डं काढून पाहावीत, थंडीतली थंडीशी आणि उन्हाळ्यातली उन्हाळ्याशी. ४७ नाही, हजारो माणसं असतील, आणि तुलनेचा गटही असेल.

मागून एक ताई विचारतायत, की मग मी सकाळी करते ते चालू ठेवू की नको? ठेवा ना ताई, जरूर ठेवा. गोळी घेऊन ठेवा. आठवड्यातून दोनदा, ठरावीक वेळी, श्वासाचा अभ्यास करण्याच्या आधी दाब मोजून वहीत लिहा, नंतरचा नको. ती वही डॉक्टरांना दाखवा. डोस कमी करायचा तर ते करतील, आणि केला तर डिसेंबरात पुन्हा दाखवा. काकूंनी आता अशी वही केली आहे. काका अजून रोज अर्धा तास शवासन करतात. उठले की काकू पाण्याचा पेला आणि गोळी समोर ठेवतात, आणि काका ती डाव्या हाताने उचलतात.